उभं राहून जाम झालेलं ट्रॅक्टरचं इंजिन कसं सोडवावं

वाटणीत कुणाच्याच वाट्याला नीट न आलेला किंवा नवा ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यामागे नेऊन लावलेला एखादा जुना मॅसी, बी-275 किंवा स्वराज 735 बहुतेक गावांत सापडतो. चार-सहा पावसाळे त्याच्या अंगावरून जातात. मग एक दिवस कुणीतरी चार्ज केलेली बॅटरी लावून चावी फिरवतं, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) एकदा ‘टक’ करतो आणि गप्प बसतो. पुली जागची हलत नाही. गावाचा निकाल लगेच लागतो: इंजिन जाम आहे, भंगारात घाला. नाहीतर साखळी लावा, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडा.

दोन्ही करू नका. चालतं असताना बंद करून ठेवलेलं इंजिन बहुधा एखाद्याच सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) यांच्या मधल्या गंजाने धरलेलं असतं. तो गंज तेलाने आणि सबुरीने सुटतो. ओढाओढीत वाकलेला कनेक्टिंग रॉड किंवा तुटलेली रिंग मात्र पूर्ण इंजिन खोलायला लावते. म्हणून जोर लावण्याआधी नेमकं काय अडकलंय ते शोधायचं. या कामाचा निम्मा भाग तोच आहे आणि नवखा माणूस नेमका तोच टाळतो.

आधी चौकशी करा

ट्रॅक्टर शेवटचा कुणी चालवला त्याला गाठा आणि एकच गोष्ट नीट विचारा: उभा केला तेव्हा तो चालू होता का? चालत येऊन उभा राहिला असेल तर गंजाचं प्रकरण आहे आणि आशा भरपूर आहे. नांगरटीत पाणी संपून, तापून, जोर कमी होत होत बंद पडला असेल तर पिस्टनचं अॅल्युमिनियम लायनरला घासून चिकटलेलं असतं. तिथे तेल मुरवून काही होत नाही, सरळ हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायची तयारी ठेवा. ऑइल संपून खालून खडखडाट होत बंद पडला असेल तर क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) बेअरिंग गेले समजा. तेही या लेखाच्या कक्षेबाहेरचं काम.

मग सायलेन्सरकडे बघा. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण किंवा डबा नसेल तर पावसाचं पाणी कुठून गेलं ते कळलंच. इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा थोडाफार उघडा राहतोच. पाणी त्या वाटेने नेमकं त्याच सिलिंडरमध्ये उतरतं. बाकीचे कोरडे राहतात. म्हणूनच जाम झालेल्या इंजिनात सहसा एकच सिलिंडर गुन्हेगार निघतो.

इंजिनच अडकलंय याची खात्री

बॉनेटखाली हात घालण्याआधी काठीने ढोसून घ्या. बंद ट्रॅक्टरमध्ये साप, विंचू आणि गांधीलमाश्यांचं पोळं हे तिन्ही नेहमीचे भाडेकरू आहेत. मागच्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा, गिअर न्यूट्रल करा, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) सोडवा, बॅटरी काढून बाजूला ठेवा.

आता सेल्फ काढा. त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगेत अडकून बसलं असेल तर आख्खं इंजिन जाम असल्यासारखं वाटतं, आणि सेल्फ बाहेर आला की पुली मोकळी फिरते. फॅनबेल्टही सैल करा. वॉटर पंप किंवा डायनामो गंजून बसला असेल तर बेल्ट इंजिनला धरून ठेवतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटणं हाही जुन्या ट्रॅक्टरचा हमखास आजार आहे, पण त्याने इंजिन जाम होत नाही, फक्त गिअर सुटत नाही. त्याची वेळ नंतर येईल.

एवढं झाल्यावर क्रँक पुलीच्या नटाला योग्य मापाची गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने जोर द्या. समोर उभं राहून बघितलं तर या ट्रॅक्टरांची इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. केसभरही हललं तर आनंद माना आणि तिथेच थांबा, पुढे रेटू नका. अजून व्हॉल्व्ह बघायचे आहेत.

चेंबर आणि रेडिएटर

खाली टोपलं ठेवून चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट अगदी हळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि पहिलं तेच बाहेर येतं. कपभर स्वच्छ पाणी आलं तर ते पावसाचं किंवा दमटपणाचं. गंजाच्या रंगाचं पाणी खूप आलं, आणि रेडिएटरही रिकामा असेल, तर हेड पॅकिंग, लायनरची रबरी सील किंवा ब्लॉकची भेग यांपैकी काहीतरी फुटलंय. अशा वेळी इंजिन सुटलं तरी चालवायच्या आधी ते शोधावं लागेल.

जुनं ऑइल सगळं काढून टाका आणि साधंसं स्वस्त ऑइल भरा. पुढच्या कामात वरून ओतलेलं सगळं द्रव याच चेंबरमध्ये उतरणार आहे, त्यामुळे चांगलं ऑइल आत्ता भरून वाया घालवू नका.

नोझल काढणं

नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) भोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलने साफ करा. ती आत पडली तर लायनरला ओरखडे पाडते. हाय प्रेशर पाईप सोडवले की पंपाच्या आणि पाईपच्या तोंडांना लगेच प्लॅस्टिक बांधा. डिझेल पंपाच्या आतली फट केसापेक्षाही बारीक असते, वाळूचा एक कण त्याला पुरतो.

नोझल बसून राहिलं असेल तर त्याच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाना लावून डावी-उजवीकडे थोडं थोडं वळवत वर आणा. रिटर्न पाईपच्या निपलाखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, ते निपल हमखास तुटतं. नोझल निघाल्यावर त्याच्याखालचा तांब्याचा वायसर भोकातच राहिला का ते तपासा. नंबर टाकून नोझल बाजूला ठेवा, ती पुढे डिझेल पंपवाल्याकडे टेस्टिंगला जाणार आहेत.

काही इंजिनं नोझल काढल्याबरोबर फिरू लागतात. सिलिंडर पाण्याने किंवा डिझेलने भरलेलं असतं, द्रव दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येऊ शकत नाही. नोझलच्या भोकातून पाणी वर आलं तर हीच गोष्ट होती.

आत बघायला मोबाइलला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा मिळतो, तो या कामाला फार उपयोगी. नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून पोर्ट बघा. ज्या सिलिंडरचा पोर्ट लालभडक गंजलेला दिसेल त्याच्यावर खूण करा.

व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय फिरवू नका

ही पायरी मिस्त्रीही घाईत सोडतात आणि मग पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला खालून ढकलणारे दांडे) वाकतात. टॅपेट कव्हर काढा. रॉकर शाफ्टचे नट एकेक पूर्ण न काढता सगळे थोडे थोडे सैल करत शाफ्ट सरळ उचला. पुशरॉड ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत जायला हवेत. जुन्या पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर लिहून त्यांत खोचून ठेवले की चूक होत नाही.

रॉकर नसल्यावर स्प्रिंगच्या जोराने सगळे व्हॉल्व्ह वर, म्हणजे बंद अवस्थेत यायला हवेत. सगळ्यांची उंची एकसारखी आहे का ते नजर जमिनीला समांतर नेऊन बघा. एखादा खाली राहिला असेल तर तो गाइडमध्ये गंजून अडकलाय. आता प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका टोला द्या. चांगला व्हॉल्व्ह जेमतेम हलतो आणि लगेच उसळून वर येतो. अडकलेला एक तर हलतच नाही किंवा खाली जाऊन तिथेच राहतो. त्याच्या दांड्यावर तेल सोडा, स्प्रिंगची टोपी धरून वर ओढा, परत हलका टोला द्या, असं करत राहिलं की बहुतेक व्हॉल्व्ह मोकळे होतात. मात्र पिस्टन वरच्या टोकाशी असेल तर टोला अगदी जपून, कारण व्हॉल्व्ह लगेच पिस्टनच्या डोक्याला टेकतो.

सगळे व्हॉल्व्ह मोकळे होईपर्यंत रॉकर बाहेरच राहू द्या. व्हॉल्व्ह बंद असले की पिस्टन वर-खाली झाला तरी त्यांना धक्का लागत नाही.

तेल मुरवणं

काय ओतायचं यावर प्रत्येक गॅरेजचं स्वतःचं मत असतं. डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं हे सगळ्यात सोपं आणि कुठेही मिळणारं. बाजारात पॉवर स्टिअरिंग ऑइल म्हणून मिळणारं लाल तेल आणि अॅसिटोन समान भागाने घेतलं तर ते जास्त आत शिरतं. अॅसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा हे काम उघड्यावर, बिडी-काडी लांब ठेवून करायचं, आणि वापरताना बाटली हलवून घ्यायची, कारण दोन्ही वेगळे होतात. व्हिडिओत बघून कोल्ड्रिंक, व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं अॅसिड ओतू नका. गंजाबरोबर अॅल्युमिनियमचा पिस्टनही त्यात खाल्ला जातो.

किती ओतायचं हेही समजून घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर वाटीसारखा खड्डा असतो. पहिलं तेल त्या खड्ड्यात साठतं आणि जिथे हवंय त्या कडेच्या फटीपर्यंत पोचतच नाही. साधारण 9 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये, पिस्टन मधल्या उंचीवर असेल तर, 100 ते 150 मिली ओतलं की खड्डा भरून वर सेंटिमीटरभर थर उभा राहतो. एवढं हवंच. पिस्टन अगदी वर असेल तर जागा कमी असते, भोकातून तेल दिसेपर्यंत ओता आणि थांबा. इंजेक्शनच्या सिरिंजला पातळ नळी लावली की माप नीट कळतं. भोकांत स्वच्छ चिंधी कोंबून ठेवा, पण तिचं टोक बाहेर ठेवा.

मग थांबायचं. रोज संध्याकाळी तारेने पातळी मोजा आणि वहीत लिहा. पातळी खाली गेली म्हणजे तेल रिंगांमधून झिरपतंय. हळूहळू झिरपणं हे सगळ्यात चांगलं लक्षण. एका सिलिंडरमध्ये थेंबही कमी होत नसेल तर तो घट्ट धरलेला, त्याला जास्त दिवस द्या. ओतल्या ओतल्या गायब होत असेल तर एखादा व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा रिंग तुटलेली आहे. कमी झालं की परत भरा. आठ-दहा दिवस ही किमान मुदत, गंज जास्त असेल तर महिनाही लागतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर उन्हात असेल तर दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांनी लोखंड प्रसरण-आकुंचन पावतं आणि तेल आत ओढलं जातं. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढणं शहाणपणाचं.

हलवणं

मुरल्यावर परत पुलीचा नट. आता पान्याला दोन-अडीच फुटांची नळी लावा आणि एका माणसाच्या हाताच्या जोरावर समाधान माना. नळी पाच फुटांची करून दोघांनी लटकायचं नाही. एका जागी स्थिर दाब द्या, मिनिटभर धरा, सोडा. उलट्या दिशेने मात्र नटावर जोर देऊ नका, नटच सैल होतो. उलट फिरवायला सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्यांना लांब टॉमी लावा, पण पहारीने उचकटू नका. घंटीच्या आकाराचं ते बिडाचं हाउसिंग फुटलं तर ट्रॅक्टर दोन तुकड्यांत खोलावा लागतो.

दोन माणसं असतील तर आणखी एक चांगला मार्ग आहे. ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये टाका, उटी थोडी मागे सरकवा आणि मागच्या टायरला धरून पुढे-मागे झुलवा. क्रँकला सारखे छोटे धक्के मिळतात आणि ताकद माणसाच्या हाताएवढीच राहते, त्यामुळे काही मोडत नाही. रोज थोडा वेळ हे करा आणि मधे तेल भरत राहा.

हलायला लागलं की ते थोडंसंच हलतं, बोटभर. तिथून पुढे ढकलायचा मोह होतो. त्याऐवजी मागे आणा, परत पुढे, परत मागे. प्रत्येक वेळी थोडं जास्त जातं. लायनरच्या भिंतीवरचा गंज रिंगेपुढे ढीग होऊन साचतो, एका दमात ढकललं तर रिंग त्यावर अडते आणि तुटते. मागे-पुढे केल्यावर तो तेलात मिसळून निघत जातो. पूर्ण एक फेरी होईपर्यंत अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही.

हेड उघडायची वेळ आली तर

महिनाभर मुरवूनही काही हललं नाही तर हेड काढा. नट बाहेरच्या बाजूने मध्याकडे येत, थोडे थोडे सैल करा. बसवताना उलट, मध्यापासून बाहेर, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ताणानेच.

हेड निघालं की गुन्हेगार सिलिंडर लगेच दिसतो. पिस्टनच्या वरच्या भिंतीवरचा गंज तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने पूर्ण साफ करा, कारण पिस्टनला वर यायचं तर याच भिंतीवरून यायचंय. भुगा चिंधीने टिपून घ्या. मग पिस्टनच्या डोक्याएवढा बाभळीचा गोल ठोकळा ठेवून त्यावर हातोड्याचे मध्यम टोले.

टोला कुठल्या पिस्टनला द्यायचा हे महत्त्वाचं. अगदी वर किंवा अगदी खाली असलेल्या पिस्टनला ठोकून काही होत नाही. तिथे रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात, मार थेट बेअरिंगवर जातो आणि क्रँक फिरत नाही. मॅसी 1035 सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे खांदे 120 अंशांवर असतात, त्यामुळे एक टोकाशी असला तरी दुसरे दोन मधेच सापडतात. जुन्या बी-275 सारख्या चार सिलिंडरमध्ये पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा बरोबर फिरतात, म्हणजे टोकाशी असतील तर चारही टोकाशी. तेव्हा ठोकण्यापेक्षा फ्लायव्हीलकडूनच फिरवावं लागतं.

तुमच्या इंजिनात वेट लायनर असतील, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरत असेल, तर हेड नसताना क्रँक फिरवण्याआधी प्रत्येक लायनर हेडच्या स्टडवर नळीचा तुकडा आणि जाड वायसर लावून दाबून टाका. नाहीतर पिस्टनबरोबर लायनरच वर उचलला जातो आणि खालची सील फाटते.

नोझलच्या भोकातून ग्रीसगनने ग्रीस भरून पिस्टन ढकलायची युक्तीही काही मिस्त्री करतात. 9 सेंटिमीटरच्या पिस्टनवर 100 बार दाब आला तर तो जवळपास साडेसहा टनांचा जोर होतो. काम होतं, पण एखादा कमजोर भाग त्याच जोराने तुटतोही. ज्याने ती आधी केलेली आहे असा माणूस जवळ असेल तरच करा.

सुटल्यावर लगेच सेल्फ मारू नका

पूर्ण फेऱ्या हाताने मारता आल्या की रॉकर आणि पुशरॉड जागच्या जागी बसवा, टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि परत हाताने दोन फेऱ्या. कुठे अडतंय का ते हाताला कळतं. आता चेंबरमधलं पातळ झालेलं ऑइल काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल आणि नवा फिल्टर टाका. रेडिएटर भरा आणि कुठून गळतंय का बघा.

नोझल बाहेरच असताना, स्टॉप नॉब खेचून ठेवून, सेल्फ मारा. नोझलच्या भोकांतून तेल आणि गंजाचं पाणी पिचकारीसारखं उडतं, त्यामुळे वर वाकून बघू नका आणि भोकांवर गोणपाट टाका. मधे मधे सेल्फला विश्रांती देत ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत फिरवा. काटा उठल्याशिवाय पुढची पायरी नाही.

डिझेलच्या टाकीत पाणी आणि काळा चिकट गाळ असणारच. टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर बदला. टेस्ट झालेली नोझल नव्या तांब्याच्या वायसरवर बसवा. हॅण्ड पंपाने आधी फिल्टरवरची, मग पंपावरची एअर काढा, शेवटी नोझलकडच्या नटांची.

पहिला स्टार्ट

इथे एक धोका आहे, तो नीट वाचा. डिझेल इंजिनला पेट घ्यायला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये उरलेलं तेल आणि जास्तीचं ऑइल हेही त्याला डिझेलसारखंच चालतं. शिवाय ज्यांच्यावर मायकोचा इनलाइन पंप आहे, त्यात वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर रॅक नावाची आतली पट्टी पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेली असू शकते. तसं असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट रेस घेतं आणि चावीने किंवा स्टॉप नॉबने थांबत नाही.

म्हणून आधी पंपाच्या बाजूचं झाकण उघडून, कुणाला तरी अॅक्सिलरेटर आणि स्टॉप नॉब हलवायला सांगून, रॅक दोन्ही बाजूंना सहज सरकतो का ते बघा. अडत असेल तर पंपवाल्याकडे न्या, घरी पक्कड लावू नका. रोटरी पंप असेल तर तो नोझलबरोबरच टेस्टिंगला द्या. एअर फिल्टरचा पाईप मॅनिफोल्डकडून काढा. त्यात उंदराचं घरटं किंवा कुंभारीण माशीची माती असते, ती साफ होईलच, पण मुख्य कारण वेगळं: मॅनिफोल्डचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड सपाट फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन सुसाट रेस घेऊ लागलं तर त्याने फळी दाबायची आणि हवा तोडायची. हात किंवा चिंधी कधीच नाही, आत खेचली जाते.

ट्रॅक्टर उघड्यावर असू द्या, पांढरा-निळा धूर भरपूर निघतो. सुरू झाला की नजर ऑइल गेजवर. काटा उठला नाही तर लगेच बंद. उठला तर कमी रेसवर दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, गळती बघा, थंड होऊ द्या, परत चालवा. धूर पहिल्या अर्ध्या तासात कमी होत जायला हवा.

मग हलकं काम द्या, रिकामी ट्रॉली किंवा सपाट रानात फण. नांगर लगेच नको. हेड उघडलं असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नट पुन्हा ताणा आणि टॅपेट परत तपासा. दहा-पंधरा तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला, त्यात गंजाची लाली दिसेल. चिकटलेल्या रिंगा याच काळात मोकळ्या होतात, म्हणून ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूर आत्ता मोजू नका. पन्नासेक तासांनंतरही ब्रीदर धुरांडं झालेला असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर लायनर-पिस्टनचं किट टाकून हाफ इंजिन करायचा खर्च धरा.